कुटुंबाला एक मत

मैमुना, त्यांनी तुला गोरी करून टाकलं.

हॉलच्या दाराशीच बॅनर लावला होता. फोटो तुझाच, निझवाच्या सहलीतला. बसच्या दारात उभी राहून तू कुणाला तरी काहीतरी सुनावते आहेस, तोंड अर्धं उघडं आहे. ते तोंड त्यांना मिटवता आलं नाही, म्हणून मग रंग बदलला. ज्याला तू स्वतःच 'तवा' म्हणायचीस तो तुझा रंग पुसून तिथे मारी बिस्किटाचा रंग आणला होता. बॅनर सेक्रेटरींच्या मुलीने केला होता. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तर ती घाबरून म्हणाली, "आँटी, आय स्वेअर, मी काहीच नाही केलं. ॲपमध्ये ते ऑटोमॅटिक होतं."

खरं बोलली पोरगी. आपल्या मराठी मंडळात ते नेहमीच ऑटोमॅटिक होतं.

फोटोखाली मोठ्या अक्षरांत, 'कै. मैमुनाताई सोलकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. कै. म्हणजे कैलासवासी. जयगडच्या खाडीकाठच्या सोलकरांची सून, इथे आखातात बाजाराच्या गर्दीतही नमाज न चुकवणारी, ती मेल्यावर थेट कैलासावर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तिकडे थंडी जाम असेल गो. अध्यक्षांच्या शालींतली एक पाठव मला." मग कुणाच्या तरी लक्षात आलं, धावपळ झाली आणि 'कै.'वर कागद चिकटवून स्केचपेनने 'पै.' लिहिलं गेलं. पैगंबरवासी. सोहारच्या कारखान्यातून आलेला एक कोल्हापूरचा इंजिनिअर, तुला कधीच न भेटलेला, ते वाचून बायकोला हळूच म्हणाला, "पैलवान होत्या वाटतं."

त्या संध्याकाळी तुझ्याविषयी जेवढी वाक्यं बोलली गेली, त्यातलं हे सगळ्यात खरं.

तुला हे सगळं आधी सांगते आहे, कारण आपण दोघी एकत्र चिडायचो. आता दोघींचं चिडणं मला एकटीलाच उरकावं लागणार आहे, आणि काम फार पडलं आहे.

खरा राग बॅनरचा नव्हताच. तू गेलीस त्याच दिवशी तुला दफन केलं. आम्ही बायका तुझ्या फ्लॅटवर बसलो होतो. आपली ब्रिजिट सगळ्यांना पाणी देत होती. पुरुष कबरस्तानातून परतलेही नव्हते, तेवढ्यात खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. मंडळाचा मेसेज. 'मैमुनाताईंच्या दुःखद निधनामुळे शुक्रवारची वार्षिक सर्वसाधारण सभा तहकूब करण्यात येत आहे. त्याऐवजी त्याच वेळी, त्याच हॉलमध्ये शोकसभा होईल. मतदानाच्या हक्काबाबतचा ठराव पुढील सूचनेपर्यंत विचारात घेतला जाणार नाही.' खाली जोडलेले हात आणि दोन फुलं.

तो ठराव तुझा होता. प्रत्येक प्रौढ सभासदाला स्वतःचं एक मत, मग तो पुरुष असो की बाई, लग्न झालेलं असो की नसो, नवरा जिवंत असो की नसो. ज्याच्यासाठी तू वर्षानुवर्षं अल् घुब्रातल्या इमारतींचे जिने चढलीस आणि उतरलीस. त्याच्यावर त्या शुक्रवारी मतदान व्हायचं होतं, आणि ते त्यांनी थांबवलं. तुझ्या सन्मानार्थ. तू जिवंत असताना जे त्यांना करता आलं नाही, ते तुझी कबर ओली असताना तुझ्याच नावाने केलं.

ब्रिजिटने मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. म्हणाली, "आपाला मेल्यावर पण कामाला लावलं बघा."

इथे राजकारण करायला परवानगी नाही म्हणून आपण सगळे मंडळं चालवतो, असं मी एकदा म्हटलं होतं. तू हसली नव्हतीस. "तुला मजा वाटते," म्हणालीस, "तुझा नवरा जिवंत हाय."

आपली ओळखच त्यातून झाली होती. गणपतीच्या आधीची सभासद नोंदणी चालू होती. मी शेजारच्या टेबलावर वाचनालयाची पुस्तकं मांडून बसले होते. शाळेतली ग्रंथपाल म्हणून ते काम मंडळाने माझ्या गळ्यात घातलं होतं. इक्बालभाई जाऊन थोडे महिने झाले होते. मवालेहच्या बाजारात त्यांचा कांद्याचा आणि आंब्याचा धंदा होता. तो बंद करून तू त्याच बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला लागली होतीस, स्वतःच्या व्हिसावर. इतकी वर्षं मंडळात तुमचं नाव 'श्री. इक्बाल सोलकर व कुटुंब' असं होतं. तू ते पुढे चालू ठेवायला आली होतीस.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?" टेबलावरच्याने विचारलं.

"मैमुना सोलकर."

"तसं नाही ताई, मिस्टरांचं."

"मिस्टर वारले."

"अरेरे. मग मुलाचं?"

"मुलगी हाय. रत्नागिरीला, सासरी."

त्याने घटना चाळली. आपल्या मंडळाला घटना आहे, आणि ती देशाच्या घटनेपेक्षा जास्त वेळा काढून दाखवली जाते. "मग काय आहे ना ताई, तुमचं कुटुंबच होत नाही," तो म्हणाला. "कुटुंबाला एक मत असतं. एकट्या व्यक्तीला सहयोगी सभासद होता येतं. सगळ्या कार्यक्रमांना या, सभेत बोला, काहीच अडचण नाही. फक्त मत नाही."

"म्हणजे नवऱ्याबरोबर कुटुंब पण पुरलं?"

तो ओशाळला. आणि ओशाळलेला माणूस करतो तसं त्याने कौतुक केलं. "पण तुमचं मराठी किती छान आहे हो!"

तू त्याच्याकडे नीट बघितलंस. म्हणालीस, "तुमचं पण बरं हाय."

मी पुस्तकांमागून मोठ्याने हसले. तू वळून माझ्याकडे आलीस, एक पुस्तक उचललंस, न उघडता खाली ठेवलंस आणि विचारलंस, "तुमचं मत कुठे हाय?"

माझा व्हिसा माझा, फ्लॅटचा करार माझ्या नावावर, गाडी मी चालवते. आणि मंडळाच्या यादीत मी 'श्री. मोहन व कुटुंब' यातला 'व'.

त्यानंतर तू सहयोगी सभासद कोण कोण आहेत ते शोधायला निघालीस. वसईची ब्रिजिट, हॉटेलात हाऊसकीपिंगची सुपरवायझर, लग्न न केलेली. संगीता, चैत्यभूमीच्या फोटोपुढे रोज मेणबत्ती लावून ड्युटीवर जाणारी नर्स, नवरा नागपुरात. लोकांच्या घरी कामाला असलेल्या बायका. सोहारच्या कॅम्पांतले फिटर आणि वेल्डर, ज्यांची कुटुंबं गावी म्हणून इथे ते कुणीच नाहीत. तू म्हणालीस, "बघितलंस? मत नसलेले सगळे एका रंगाचे हायत."

रंगावर तू कधी हळवी झाली नाहीस. कुणी तुला 'सावळी' म्हटलं की तू विचारायचीस, "तवा काय सावळा असतो? काळी म्हणा की." पण मी पाहिलं होतं. मोठे पाहुणे आले की औक्षणाला 'प्रेझेंटेबल' बायका निवडल्या जायच्या, हा त्यांचाच शब्द, आणि तू, ब्रिजिट, संगीता वाढपाला. तुमच्या हातचं सगळ्यांना चालायचं, मंडळ पुरोगामी होतं. फक्त फोटोच्या वेळी तुमच्या हातात पातेली असायची. आणि अध्यक्षांच्या अंगावर शाल. ज्या गावात उन्हाळ्यात गाडीचं दार हाताने उघडवत नाही, तिथे आपण माणसांना लोकरीच्या शाली पांघरतो. तू अध्यक्षांना 'सत्कारमूर्ती' म्हणायचीस. त्यांचं खरं नाव मला आता आठवावं लागतं.

मग ती पालघरकडची मुलगी आली. कुठल्याशा बंगल्यात कामाला होती, फोन काढून घेतलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. चर्चमध्ये ब्रिजिटच्या शेजारी येऊन बसली आणि रडायला लागली. तू समितीकडे गेलीस. मागितलं काय? मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी, आणि तिच्याबरोबर दूतावासात जायला चारचौघांत वजन असलेली दोन माणसं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैमुनाताई, तुमची तळमळ समजते. पण आपलं मंडळ सांस्कृतिक आहे."

"मग हिला नाचायला शिकवू?" तू विचारलंस.

कुणी हसलं नाही. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं आलं. शेवटी तू आणि ब्रिजिट तिला घेऊन गेलात, दिवसभर बसलात, ती घरी पोचली. तिचा गावाहून फोन आला तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होतीस. बोलणं झाल्यावर मी म्हटलं, छान झालं. तू सुरी खाली ठेवलीस. "छान काय? ही आपल्या चांगुलपणावर सुटली. चांगुलपणा म्हणजे काय, एखाद दिवस असतो, एखाद दिवस ताप येतो. हिला मत असतं ना, तर ते सत्कारमूर्ती शाल टाकून धावले असते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुला मंडळात मान नको होता, खुर्ची नको होती. रडत येणारी पुढची मुलगी दारात उभी राहील तेव्हा 'सांस्कृतिक' म्हणायची कुणाची छाती होऊ नये, एवढंच हवं होतं.

तू घरोघर जायला लागलीस. मी दोन-तीनदा बरोबर आले, आणि मला तुझी पद्धत बघून आधी कंटाळा आला, मग भीती वाटली. तू ठरावाचं नावच काढायची नाहीस. चहा घ्यायचीस. मग विचारायचीस, "मंडळात तुला काय बदलावंसं वाटतं?" आणि गप्प. समोरची म्हणायची, छे, काही नाही, सगळं छान आहे. तू गप्पच. घड्याळ वाजतंय, एसी घुरघुरतोय, आणि तू बिस्किट खातेस. शेवटी ती बाई बोलायला लागायची. मराठीचा वर्ग कामावरून सुटायच्या वेळेला का नाही. मुलं मराठीत अडखळतात, तर सगळे हसतात का. नाटक नेहमी त्याच चार घरांचं का. मग तू एकच वाक्य म्हणायचीस, "हे सांगायला तुझ्याकडे मत हवं ना गो."

आणि ती म्हणायची, "ह्यांना विचारून सांगते."

खजिनदार पाटणकरांची मंजिरी तर दर वेळी तेच म्हणायची. पाटणकर तुझ्या विरोधातला एकच माणूस जो तोंडावर विरोध करायचा. त्याचं म्हणणं होतं की एका घराला दोन मतं दिली की मंडळ घराघरात भांडणं लावेल. बाकीचे 'बघू' म्हणायचे. तू म्हणायचीस, अरबाचं 'इन्शाल्ला' तरी अल्लावर असतं, यांचं 'बघू' कशावर असतं? म्हणून तुला पाटणकर आवडायचा. "तो भिंत हाय," म्हणायचीस, "भिंतीला निदान दार पाडता येतं. बाकी सगळे पडदे." आणि मंजिरीकडे परत जायचीस. मी विचारलं, किती वेळा जाणार? "ती 'ह्यांना' कधी विचारते ते बघायचंय मला. अजून तिने विचारलेलंच नाय."

मागच्या वर्षीच्या सभेत तू जे केलंस ते मी या मंडळात पाहिलेलं सर्वोत्तम नाटक. सहयोगी सभासदाला बोलता येतं, म्हणून तू बोलायला उठलीस. हातात घटना. "यात लिहिलंय, 'प्रत्येक कुटुंबास एक मत'. बरोबर?" बरोबर, अध्यक्ष म्हणाले. "माझ्या सासऱ्यांकडे गावचे खोत यायचे. ते म्हणायचे, आमचं कुटुंब माहेरी गेलंय. आमच्या कुटुंबाला बरं नाय. तुमचे आजोबा पण तसंच म्हणत असतील. कुटुंब म्हणजे कोण?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बायको!"

"मग अध्यक्षसाहेब, घटनेप्रमाणे मत कुणाचं? इतकी वर्षं तुम्ही बायकोचं मत टाकताय. चोरी म्हणत नाय मी. चूक झाली असेल."

हॉल हसून कोसळला. पाटणकर सोडून. त्याने शांतपणे घटना उघडली, ते कलम वाचलं आणि पेन्सिलने बाजूला काहीतरी खूण केली. तो माणूस विनोदसुद्धा कलमाला धरून ऐकतो. अध्यक्ष म्हणाले, "ताईंचा विनोद छान!" आणि पुढच्या विषयाकडे वळले. इतिवृत्तात आलं, 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' तू ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवलंस आणि म्हणालीस, "माझ्या मयतीला पण खेळीमेळीच लिहितील बघ."

आणि ते बोट! परदेशात राहणाऱ्याला भारतातल्या निवडणुकीत मत द्यायला स्वतः गावी जावं लागतं. तू वर्षाची रजा त्यासाठी राखून ठेवायचीस. ईदला गेली नाहीस, मतदानाला गेलीस, बोटीवरच्या पोरांना, मासळीवाल्या बायकांना घेऊन केंद्रावर गेलीस. परत आलीस ती थेट मंडळाच्या कार्यक्रमात, डाव्या हाताचं बोट वर करून, शाई अजून काळी. सत्कारमूर्ती तेव्हा मंचावरून जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीविषयी बोलत होते. देश सोडल्यापासून त्यांनी एकदाही मत दिलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तू पहिल्या रांगेत बसलीस आणि गालाला बोट लावून ऐकत राहिलीस. चहाच्या वेळी त्यांना म्हणालीस, "अख्ख्या हिंदुस्थानात मला मत हाय. तुमच्या हॉलमध्ये तेवढं नाय."

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धंच राहिलं, आणि याचाही मला राग आहे. भांडण अर्धं टाकून जाणं ही तुझी सवय नव्हती.

तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार. माझ्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं होतं, सभेत तू इक्बालभाईंचं सांग. ते गेले त्या महिन्यात तुला यादीतून कसं काढलं ते सांग. बायका रडतील, पुरुषही वितळतील. तू एकदम तापलीस. "रडून मिळालेलं मत लोक परत घेतात. डोळे पुसले की खलास. मला दया नको. मला मोजलेलं मत हवंय, विरोधात असेल तर विरोधात." आणि मग शांतपणे, जणू मीठ मागावं तसं म्हणालीस, "ठराव तू मांड."

मी म्हटलं, शक्य नाही, ठराव तुझा आहे.

"माझ्या तोंडून आला तर तो मुसलमान बाईचा हट्ट. तुझ्या तोंडून आला की सुधारणा."

"म्हणजे त्यांच्या असल्या विचाराला मी हातभार लावू? श्रेय माझं, शाल मला?"

"शाल मला दे, मी पायपुसणं करीन. मत पास झाल्याशी मतलब."

मी म्हटलं, तू स्वतःवरच अन्याय करते आहेस. तू म्हणालीस, मला तत्त्व शिकवू नकोस, तुझ्याकडे तत्त्वांना वेळ हाय. मी दार जोरात लावलं, कपाटाचं. तू हसलीस. "बघू सभेत," म्हणालीस. तू! 'बघू'!

त्या शुक्रवारी हॉल भरला होता. मंडळाच्या सभेला इतकी माणसं कधी येत नाहीत; मेल्यावर तुझ्याकडे कोरम जमला. सोहारहून बस करून लोक आले होते. भाषणं झाली. तू 'मातृतुल्य' झालीस. 'समन्वयाचा सेतू' झालीस. तुझ्या नावाने पाककला स्पर्धेचा फिरता चषक जाहीर झाला, मैमुना, पाककला स्पर्धेचा! जिने कधी बिर्याणी चाखूसुद्धा दिली नाही कारण 'तुम्हाला फक्त ईदलाच माझी आठवण येते.' आणि शेवटी सत्कारमूर्ती उठले, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "मैमुनाताई आपल्या कुटुंबातल्याच होत्या."

माझ्या शेजारी ब्रिजिटच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हुंदका नव्हता.

"आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या." सगळे उभे राहिले. खुर्च्या करकरल्या. कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. मी तुझ्या त्या बिस्किटाच्या रंगाकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात फक्त एक गोष्ट चालू होती. घटनेत लिहिलं आहे, मतदान हात वर करून किंवा उभं राहून. उभं राहून.

"बसावं," अध्यक्ष म्हणाले. "चहाची व्यवस्था..."

"एक मिनिट," मी म्हटलं. "बसू नका कुणी."

सगळे वळले. "अध्यक्षमहाराज, मी ठराव मांडते. प्रत्येक प्रौढ सभासदाला स्वतःचं एक मत."

"ताई, ताई," ते माइकवरच म्हणाले, "ही शोकसभा आहे."

"शोक झाला. सभा राहिली आहे."

"अनुमोदन कुणाचं?" हा पाटणकरचा आवाज. त्याला मदत करायची नव्हती. नियमाबाहेर काही झालेलं त्याला सोसत नाही, एवढंच.

"माझं," ब्रिजिट म्हणाली. "सहयोगीला बोलता येतं ना? बोलले."

"जे बाजूने आहेत त्यांनी उभं राहावं," मी म्हटलं. "विरोधात आहेत त्यांनी बसावं."

कुणी बसेना. अर्थातच. मेलेल्या बाईच्या फोटोसमोर पहिलं कोण बसणार? आणि मला तुझा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी, ही दया हाय गो, हे मत नाय. मी घाबरले. सगळा हॉल असाच उभा राहिला असता तर ठराव मंजूर झाला असता आणि तू मला कधी माफ केलं नसतंस.

तेव्हा पाटणकर बसला.

ताठ, हात मांडीवर, सगळ्यांसमोर. म्हणाला, "माझं मत माहीत आहे सगळ्यांना. ताईंनाही होतं." त्या क्षणी मला त्याला मिठी मारावीशी वाटली. तो बसल्यावर दुसरा बसला, तिसरा बसला. पडदे हलले. सत्कारमूर्ती माइकच्या आडोशाने हळूच खुर्चीत उतरले. आता उभे होते ते खरोखर उभे होते.

आणि पाटणकरच्या शेजारी मंजिरी उभी होती.

"मंजू, बस," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"तुम्ही बसा हो. मी उभी आहे."

सेक्रेटरी मोजायला लागले होते. ते पाटणकरांपाशी थांबले. "घटनेप्रमाणे कुटुंबाला एकच मत," ते म्हणाले. "साहेब बसलेत, वहिनी उभ्या. हे कुठे धरू?"

पाटणकरने चष्मा काढला. बायकोकडे वर बघितलं, जणू तिची उंची त्याला आजच कळत होती. मग म्हणाला, "कलमात कुटुंबाला मत आहे. कुटुंब म्हणजे कोण, ते मागच्या सभेत ठरलंय. माझं कुटुंब उभं आहे. तिकडे धरा."

कुणी हसलं नाही, मैमुना. तुझा विनोद, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मग घराघरात माना वळल्या. मोहन तर आधीच उभा होता, मी त्याला तेवढं श्रेय देते. पण बसलेल्या नवऱ्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या बायका मी त्या दिवशी मोजून पाहिल्या नाहीत, सेक्रेटरींनी मोजल्या, दोनदा, कारण त्यांना पहिला आकडा पटला नाही. ठराव मंजूर झाला.

दोन दिवसांनी ग्रुपवर इतिवृत्त आलं. 'शोकसभा गंभीर वातावरणात पार पडली. काही सभासदांनी भावना व्यक्त केल्या.' भावना! मी लिहायला फोन हातात घेतला, राग इतका होता की अक्षरं चुकत होती. तेवढ्यात खाली पाटणकरचा मेसेज दिसला. 'भावना नव्हत्या. मतदान होतं. मी हरलो आहे. दुरुस्ती करावी.' आणि त्याखाली मंजिरी, जिने त्या ग्रुपवर आजवर फक्त वाढदिवसाचे केक टाकले होते. 'अनुमोदन.'

ते अजून दुरुस्त झालेलं नाही. 'बघू' म्हणताहेत. आम्हीही बघतो आहोत. सोहारचे वेल्डर पुढच्या सभेची तारीख विचारताहेत, संगीताने ड्युटी बदलून ठेवली आहे. बॅनर ब्रिजिटने उतरवून घरी नेला. रंग खरवडून निघतो का बघते म्हणाली.

तर, आपल्या भांडणाचं. ठराव मी मांडला; तू जिंकलीस. शाल आलीच तर दारात घालीन. आणि तुझी अट मी पाळली. त्या हॉलमध्ये मी नीट पाहिलं, चेहरा-चेहरा पाहिला. उभ्या असलेल्यांपैकी एकीच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या चिडलेल्या होत्या. तुझ्यासारख्या.

घरी आल्यावर मोहनने चहा केला. कप हातात घेतला आणि मग मी रडले.

ते मतात धरू नकोस.